रांजण पाऊण भरलेला असतानाच झरा आटतो

आमच्या शेतातल्या विहिरीला एकवीस पायऱ्या आहेत. आज्जा पाणी कधी फुटांत मोजायचा नाही, पायऱ्यांत मोजायचा. "दिवाळीला चौथ्या पायरीला होतं, आता अकरावीला गेलंय," असं तो म्हणाला की यंदा उन्हाळी भुईमूग होणार की नाही हे घरात सगळ्यांना कळायचं. केज तालुक्यातली ही विहीर, वरचा मुरूम काढून खाली काळ्या पाषाणात फोडलेली. तिच्यात बोटाएवढे मासे होते. ते कुणी सोडले की कधीकाळी ओढ्याचा पूर आत शिरला तेव्हा आले, हे कुणालाच सांगता यायचं नाही. आम्ही पोरं शेवटच्या ओल्या पायरीवर बसून भाकरीचा चुरा टाकायचो. क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग काळं पाणी एकदम चमचमायला लागायचं.

शेजारच्या वावरात पहिला बोअर घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. आदल्या दिवशी पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधाने फिरला होता. रात्रभर गाडी घरघरत होती. सकाळी आम्ही गेलो तर बाभळी, गोठ्याचे पत्रे, बैलांच्या पाठी, सगळ्यावर पिठासारखी राखाडी भुकटी बसलेली. दोनशे फूट गेले तरी धुरळाच. साडेतीनशेलाही धुरळाच. साडेपाचशेच्या पुढे भुकटी ओली झाली, मग चिखल उडाला, मग पाणी. मालकाने गाडीवाल्यांना पेढे दिले, आम्हालाही दिले. दोन उन्हाळ्यांनी आमची विहीर तळाला गेली. बहात्तरच्या दुष्काळात जिने गावाला पाणी पाजलं, तिच्या तळाशी मे महिन्यात घमेलंभर गढूळ पाणी आणि त्यात एकमेकांवर पडलेले मासे. आजीने ते घागरीत भरून हौदात नेऊन सोडले. आठवड्याभरात एकेक करून ते पोट वर करून तरंगले.

पुढे प्राणिशास्त्र शिकले, शिकवायला लागले, आणि एका मेक्सिकन माशाची हकिगत वाचनात आली. ती वाचताना मला सारखी ती घागर दिसत होती. ती हकिगत मी इथे सोपी करून सांगते. ती एका माशाची आहे, तशी जमिनीखालच्या पाण्याचीही आहे, आणि हे पाणी आपल्या मराठवाड्यात फार थोड्यांना नीट समजलेलं आहे.

ईशान्य मेक्सिकोत नुएव्हो लेओन नावाचं राज्य आहे. तिथल्या सिएरा माद्रे ओरिएंताल डोंगररांगांत एल पोतोसी नावाची दरी आहे. दरी म्हटलं तरी ती आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंचावर, कोरड्या हवेत. त्या दरीत कातारिना रोद्रिगेस नावाची एक शेतकरी वस्ती आहे. अशा वस्तीला तिकडे 'एहिदो' म्हणतात, म्हणजे क्रांतीनंतर गावाला मिळून दिलेली सामाईक जमीन. या वस्तीजवळ जमिनीतून एक झरा उमळायचा आणि त्याचं एक तळं साचायचं. अशा झऱ्याला स्पॅनिशमध्ये 'ओहो दे आग्वा' म्हणतात. शब्दशः अर्थ, पाण्याचा डोळा.

त्या एका डोळ्यात एक मासा राहत होता. जगात दुसरीकडे कुठेही नाही. शेजारच्या ओढ्यात नाही, पलीकडच्या दरीत नाही. इंग्रजीत त्याला कातारिना पपफिश म्हणतात आणि त्याचं शास्त्रीय नाव मेगुप्सिलॉन एपोरस. लांबी जास्तीत जास्त चार सेंटीमीटर, म्हणजे आपल्या करंगळीपेक्षाही कमी. पप म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. हे मासे उथळ पाण्यात एकमेकांचा असा पाठलाग करतात की बघणाऱ्याला पिल्लं खेळताहेत असं वाटतं, म्हणून हे नाव पडलं. स्पॅनिशमध्येही त्यांना 'काचोर्रितो', म्हणजे पिल्लूच म्हणतात. खरं तर तो खेळ नसतो. नर आपापली हद्द राखत असतात आणि दुसऱ्या नराला हुसकावून लावत असतात.

मराठवाड्यातल्या माणसाला हा मासा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर गप्पी मासा आठवावा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदात, डबक्यात सोडतात तोच. गप्पी आणि पपफिश एकाच गणातले, लांबचे भाऊबंद. गप्पी जिवंत पिल्लं घालतो, पपफिश अंडी घालतो, हा एक मोठा फरक.

आता पहिला प्रश्न. एखादा मासा एकाच डबक्यापुरता कसा काय उरतो? उत्तर आपल्या नद्यांकडे बघून समजतं. मार्च-एप्रिलमध्ये आपली कुठलीही लहान नदी पाहा. धार तुटते आणि नदीचे डोह होतात. देवळामागचा डोह, पुलाखालचा डोह, वडाच्या वळणावरचा डोह. एका डोहातल्या माशाची दुसऱ्या डोहातल्या माशाशी आता गाठ पडत नाही. जून येतो, नदीला पाणी येतं आणि सगळे पुन्हा एक होतात. समजा, तो जून आलाच नाही. एक वर्ष नाही, शंभर वर्षं नाही, हजारो वर्षं नाही. पुलाखालच्या डोहातले मासे आपापसातच वाढत राहतील, आणि त्यांच्यात जे बारीकसारीक बदल होतील ते त्यांच्यातच राहतील. पिढ्यामागून पिढ्या गेल्यावर देवळामागचे मासे आणि पुलाखालचे मासे एकाच जातीचे राहणार नाहीत.

उत्तर मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नेमकं हेच घडलं. एके काळी तो मुलूख आजच्यापेक्षा ओला होता, तिथे तळी होती, ओढे होते. हवा कोरडी होत गेली तसं पाणी आक्रसलं आणि शेवटी वाळवंटात फक्त झरे उरले. प्रत्येक झरा म्हणजे न तुटणारा उन्हाळा लागलेला एकेक डोह. म्हणून तिथे एकेका झऱ्याचा एकेक मासा सापडतो. लोक विचारतात, एवढ्याशा जागेत राहणारा मासा मुळातच दुबळा नसेल का? मला हे पटत नाही. ज्या पाण्यात दुसरा कुणी तगला नसता त्या पाण्यात हजारो वर्षं तगलेला जीव दुबळा कसा म्हणायचा? पाणी होतं तोवर त्याला तेवढं घर पुरत होतं.

कातारिना पपफिश तर फारच वेगळा होता. त्याच्या वंशात तो एकटाच, म्हणजे आडनावाचं शेवटचं घर. आणि त्याच्या पेशींत एक नवल होतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय, पण मोजली तर दोघांची ४६च. या माशाच्या मादीत ४८ गुणसूत्रं होती आणि नरात ४७. एक गेलं कुठे? तर नराचं वाय गुणसूत्र भलंमोठं होतं. सुताच्या दोन लडी पिळून एकच जाड दोर करावा, तसं दोन गुणसूत्रं जोडली जाऊन ते बनलं होतं. मोजताना दोनाच्या जागी एक भरायचं. माणसाचं वाय इवलंसं असतं, याचं एवढं मोठं की नावातच आलं. 'मेगा' म्हणजे मोठं, आणि 'उप्सिलॉन' हे वायच्या आकाराचं ग्रीक अक्षर. रॉबर्ट रश मिलर आणि व्लादिमिर वॉल्टर्स या दोघांनी १९७२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन करून हे नाव दिलं.

१९७२. आपल्याकडे त्या साली माणसं सुकडीवर दिवस काढत खडी फोडत होती. आणि त्याच सुमाराला आपल्याकडे अशी एक गोष्ट सुरू होत होती, जी पोतोसीच्या दरीतही येणार होती. ती गोष्ट म्हणजे खोल जमिनीतलं पाणी यंत्राने उपसणं.

इथे जरा थांबते, कारण सगळी मेख इथेच आहे. झरा म्हणजे काय? पाऊस पडतो, काही पाणी वाहून जातं, काही मुरतं. मुरलेलं पाणी मातीच्या कणांत, मुरमाच्या फटींत, खडकाच्या भेगांत साठत राहतं. या साठ्याला वरची एक पातळी असते, तिला भूजल पातळी म्हणतात. जमिनीचा उतार कुठेतरी या पातळीपेक्षा खाली जातो, तिथे पाणी आपोआप बाहेर येतं. तोच झरा.

आता स्वयंपाकघरातला रांजण डोळ्यांपुढे आणा. रांजण काठोकाठ भरलाय, वरून बारीक धार चालू आहे, म्हणून काठावरून पाणी ओघळतंय. तो ओघळ म्हणजे झरा. कुणीतरी रांजणाच्या बुडाशी तोटी बसवली आणि धारेपेक्षा जास्त पाणी काढायला लागलं. पहिल्यांदा काय बंद पडेल? तोटी नाही. तोटीला अजून पुष्कळ दिवस जोरात पाणी येईल. बंद पडेल तो ओघळ. पातळी बोटभर खाली गेली की ओघळ संपला. रांजण पाऊण भरलेला आहे, तोटीवाला म्हणतोय की पाण्याला काय तोटा, आणि काठावर जे काही जगत होतं ते मेलेलं आहे.

भूजलाच्या बाबतीत लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. आपल्याला वाटतं, पाणी संपल्यावर संकट येतं. झऱ्याला, उथळ विहिरीला आणि त्यातल्या जिवांना पाणी संपायची वाट पाहावी लागत नाही. पातळी थोडी उतरली तरी पुरतं. ज्याचा पंप सर्वांत खोल त्याला संकट सर्वांत शेवटी कळतं. तोवर वरचे सगळे जाऊन चुकलेले असतात.

शिवाय पंप चालू झाला की त्याच्या भोवतीची पातळी उलट्या शंकूसारखी खाली ओढली जाते. आपण पेल्यातलं सरबत नळीने ओढतो तेव्हा वरचा बर्फाचा चुरा मधोमध खचतो ना, तसं. शेजारच्या बोअरचा शंकू रुंदावत आपल्या विहिरीखाली आला की विहिरीचं पाणी तिकडे सरकतं. ह्यात कुणी चोरी केलेली नसते. सातबारा दोघांचे वेगळे, पण खालचं पाणी एकच.

पोतोसीच्या दरीत शेतीसाठी जमिनीतलं पाणी उपसायला सुरुवात झाली. झऱ्याचं तळं आक्रसत गेलं. त्यातच कुणीतरी लार्जमाउथ बास नावाचा मोठा शिकारी मासा पाण्यात सोडलेला होता. आपल्याकडे तळ्यात चिलापी किंवा परदेशी मांगूर सोडतात आणि मग स्थानिक मासे दिसेनासे होतात, तसलाच प्रकार. पाणी भरपूर असतं तेव्हा लहान माशाला गवतात लपायला जागा असते. पाणी कमी झालं की शिकारी आणि शिकार एकाच घमेल्यात. १९९४ साली कातारिना पपफिश निसर्गातून संपला. त्या तळ्यात राहणारा एक इवलासा क्रेफिशही, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडासारखा जीव, त्याच्याबरोबर गेला. तोही जगात फक्त तिथेच होता. झरा आटतो तेव्हा एकटा मासा जात नाही, सगळी वस्ती उठते.

पण मासा पूर्ण संपला नव्हता. झरा मरायच्या आधी काही मासे टाक्यांमध्ये नेलेले होते. संशोधकांनी, मत्स्यालयांनी आणि हौशी लोकांनी त्यांना वाढवायचा मनापासून प्रयत्न केला. वीस वर्षं तो चालला. त्याच तळ्यात राहणारा दुसरा एक मासा, पोतोसी पपफिश, टाक्यांत बऱ्यापैकी रुळला आणि तो आजही टाक्यांतच जगतो आहे. कातारिना मात्र रुळला नाही. अरुंद काचेच्या पेटीत नर एकमेकांवर तुटून पडत. तळ्यात हरलेला नर पळून दुसरीकडे जायचा, पेटीत पळणार कुठे? थोड्याच माशांपासून वाढवलेला वंश, पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच संबंध. संख्या घटत गेली. २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एका मत्स्यालयात शेवटचा मासा मेला. एका अख्ख्या वंशाचा शेवट काचेच्या पेटीत झाला, आणि तो कुठल्या साली झाला हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्राण्यांबद्दल मी वर्गात शिकवते, पण त्यांच्या बाबतीत एवढा नेमकेपणा नसतो. इथे साल सांगताना माझा आवाज अडखळतो.

पोतोसीच्या शेजारच्या सांदिया दरीतही हेच झालं. तिथले डोह वेगळे, प्रत्येक डोहातला पपफिश वेगळा. साल्वादोर कोन्त्रेरास-बाल्देरास आणि मारिया दे लुर्देस लोसानो-विलानो हे दोघे मेक्सिकन मत्स्यशास्त्रज्ञ तिथे काम करत होते. १९९३ साली त्यांनी तिथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यातल्या एका माशाला नाव द्यायची वेळ आली तोवर तो उरलेलाच नव्हता. ला त्रिनिदाद नावाच्या झऱ्यातला तो मासा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं सिप्रिनोडॉन इनमेमोरियम. इनमेमोरियम म्हणजे 'स्मरणार्थ'. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात. या माशाचं बारसं तेराव्याला झालं. १९९६ साली याच दोघांनी या दोन दऱ्यांतले बहुतेक स्थानिक पपफिश, क्रेफिश आणि गोगलगायी संपल्याचा लेख लिहिला.

हे सगळं अटळ होतं का? नव्हतं, आणि त्याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात वाळवंटात डेव्हिल्स होल नावाची एक कपार आहे. खडकात एक अरुंद फट, तिच्या तळाशी ३३ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी, आणि ते पाणी इतकं खोल की तळ अजून कुणाला लागलेला नाही. त्या पाण्यात जेमतेम इंचभर लांबीचा, निळा डेव्हिल्स होल पपफिश राहतो. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याचं याहून लहान घर जगात नाही. कपार खोल असली तरी मासा खरा जगतो तो काठाशी पाण्याखाली असलेल्या एका उथळ दगडी फळीवर. तिथे ऊन पोचतं, शेवाळ उगवतं, तिथेच तो खातो आणि अंडी घालतो. ही फळी एखाद्या ओट्याएवढी असेल.

१९६० च्या दशकाच्या शेवटी जवळच्या एका मोठ्या शेतीने खोल विहिरी घेऊन उपसा सुरू केला. कपारीतलं पाणी उतरायला लागलं आणि ती फळी उघडी पडू लागली. पुन्हा तोच रांजण, तोच काठ. पण इथे एक फरक होता. १९५२ सालीच ती कपार राष्ट्रीय स्मारकात घेतलेली होती. सरकार न्यायालयात गेलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७६ साली न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: कपार राखायची म्हणजे तिच्यातलं पाणीही राखायचं, आणि त्यासाठी शेजारच्या जमिनीतला उपसा मर्यादित ठेवायचा.

या निकालातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. पाणी राखायचं म्हणजे नेमकं किती? कपारीच्या भिंतीवर १९६२ साली मोजणीसाठी तांब्याचा एक वॉशर ठोकलेला होता. नळाच्या तोटीला घालतो तसला वॉशर. न्यायालयाने शेवटी ठरवून दिलं की पाणी त्या वॉशरच्या खाली २.७ फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. एवढ्या मोठ्या देशाचा एवढा मोठा खटला, आणि सगळा हिशोब एका वॉशरपाशी. आज्जाची अकरावी पायरी तरी काय वेगळी होती? फरक एवढाच की त्या वॉशरला कायद्याचं बळ होतं.

तो मासा आजही आहे. मजेत आहे असं नाही. २०१३ साली मोजणीत फक्त ३५ भरले. २०२४ च्या वसंतात १९१ झाले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मग भूकंपाने कपारीतलं पाणी हेलकावलं, फळीवरचं शेवाळ आणि अंडी धुऊन गेली, आणि २०२५ च्या सुरुवातीला मोजले तर ३८. पण आहेत. मोजायला मासे उरलेत, कारण त्या वेळी कुणीतरी पाण्याला रेघ आखली.

आता आपल्याकडे येते. आपला खडक वेगळा. पोतोसीत जे झालं ते जसंच्या तसं इथे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. आपला मराठवाडा ज्वालामुखीच्या थरांवर बसलाय. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्ये कुठे मांजऱ्या खडक, पुन्हा पाषाण. पाषाण स्वतः पाणी धरत नाही, पाणी फक्त त्याच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. आपला रांजण मोठा दिसतो, पण आत बहुतेक दगडच भरलेत. दर पावसाळ्याला भरणारा थर हा वरचा, मुरमाचा. चाळीस-पन्नास फुटांची विहीर त्याच थरातून पाणी घ्यायची, म्हणून ती वर्षाला रिकामी व्हायची आणि वर्षाला भरायची. पाचशे-सातशे फुटांवर जे सापडतं ते बऱ्याचदा वर्षानुवर्षं मुरत गेलेलं असतं, आणि ते एका पावसाळ्यात परत भरून येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे आले. त्या हापशांच्या इतिहासात आपल्या जालन्याचं नाव आहे. तिथल्या स्कॉटिश मिशनमध्ये घडलेला 'जालना पंप', त्यापाठोपाठ 'सोलापूर पंप', आणि त्यांच्यातून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू. हापशाने बायकांच्या डोक्यावरचे कोसभराचे हंडे उतरवले, आजी त्या हापशाला हळदी-कुंकू वाहायची. हापशाने पाणी संपलं नाही. माणसाच्या दंडात जोर असून असून किती असणार? पुढे त्याच भोकात विजेची मोटार उतरली, भोकं खोल गेली, आणि पिण्यासाठी घेतलेल्या वाटेने ऊस पाणी प्यायला लागला. जुनी माणसं सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण आडाला पाणी होतं. एप्रिल २०१६ मध्ये रेशनला धान्य होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं.

रेघ आखायला आपल्याकडेही कागद आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून खोल विहिरींवर बंधन आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मी विद्यार्थ्यांना विचारते, तुमच्या शिवारात बोअर किती फूट? आठशे, सर्रास येतं उत्तर. ते सांगतानाही पोरांच्या आवाजात अभिमान असतो, आणि मला त्यांना रागवावंसं वाटत नाही. बापाने कर्ज काढून घेतलेला बोअर असतो तो.

आणि आपल्याकडे असे इवल्या घराचे मासे आहेत का? आहेत. केरळात घरांच्या विहिरींत जमिनीखालचे आंधळे मासे निघतात. कोळीकोडजवळच्या एका विहिरीत इंचभराचा, लालसर, दोऱ्यासारखा मासा सापडला, २०१९ साली त्याचं नाव ठेवलं पांजियो भुजिया, कारण तो शेवेच्या तुकड्यासारखा दिसतो. आणि आपल्या गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळ देवळालीच्या दारणा नदीत एक लहानसा मासा आहे. होरा आणि मिश्रा यांनी १९३८ साली त्याची नोंद केली, शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी. जगात तो फक्त तिथला, आणि आज अतिशय धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. त्या दारणेचं पाणी गोदावरीतून पैठणला नाथसागरात येतं, आपण ते पितो. आपल्या स्वतःच्या ओढ्यांतल्या बोटभर माशांना आपण सरसकट 'चिंगळ्या' म्हणतो आणि पुढे जातो. त्यात किती जाती आहेत हे गावातल्या भोई समाजाच्या एखाद्या म्हाताऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढं मला पुस्तकातून कळलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही विहिरीतला गाळ काढला. वरच्या बाजूला नाल्यावर दोन जुने बांध होते ते भावाने दुरुस्त केले, आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोलून उसाखालचं रान ठिबकवर आलं. तो बोअर बंद झालेला नाही, तसं कुणी म्हणालंही नाही. मोटार आता रात्रंदिवस चालत नाही एवढंच. गाळ काढताना पायऱ्या घासून स्वच्छ झाल्या तेव्हा मी पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांच्यावर एक ते एकवीस आकडे घातले. भाचा दर महिन्याच्या एक तारखेला उतरून बघतो आणि मला फोनवर कळवतो. वहीत सगळं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षी एक मेला पाणी विसाव्या पायरीवर होतं. या वर्षी त्याच तारखेला निरोप आला, "आत्या, अठरावी बुडालीय. सतरावी ओली हाय."

त्याला विहिरीत मासे सोडायचेत. आरोग्य केंद्रातून गप्पी आणू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, गप्पी नको, ओढ्याच्या डोहातलेच चार आणू, जे इथलेच आहेत ते. पण आणखी एक मे जाऊ दे.